पंडिता रमाबाई : दुष्काळातून दुष्काळाकडे

दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला आकड्यांची सवय जडलेली असते. पाऊस किती इंच पडला, जोंधळा रुपयाला किती शेर झाला, खडी फोडण्याच्या सरकारी कामावर किती माणसे होती आणि त्यांतली किती दगावली, अशा रकान्यांतून एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानचे दुष्काळ आपल्यापुढे उभे राहतात. या रकान्यांत न मावणारे एक चरित्र मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचावयास सांगतो. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेली एक मुलगी पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, देशावर पुन्हा दुष्काळ कोसळला असता, सुमारे दोन हजार जणांच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी शिरावर घेते. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते धर्मांतरापाशी अडते. कोणी त्यांना त्यासाठी दोष देतो, कोणी त्यासाठीच गौरवितो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या जवळजवळ चाळीस वर्षे जगल्या. त्या चाळीस वर्षांत त्यांच्या श्रद्धेला आधार देणारे एकेक खांब निखळत गेले आणि तरीही ती टिकली. ती कशाच्या बळावर, या प्रश्नाचा विचार आपण फारसा केलेला नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विलक्षण गृहस्थ. बायकोला संस्कृत शिकविण्याचा त्यांनी हट्ट धरला, त्यासाठी शास्त्रीमंडळींपुढे जाब देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, आणि अखेर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले, जमीनजुमला गेला आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमाबाई तान्ह्या होत्या. पुढची पंधरा-सोळा वर्षे देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगावयाचे आणि श्रोत्यांनी वाहिलेल्या धान्यावर व पैशांवर निर्वाह करावयाचा, हाच त्यांचा क्रम होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या कुटुंबाजवळ एकच भांडवल होते, ते म्हणजे विद्या. त्या विद्येला गिऱ्हाईक होते तोवर पोटाची भ्रांत पडली नाही. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात अवर्षणाचा फेरा सुरू झाला, आणि पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत त्याला महादुष्काळाचे रूप आले. श्रोत्यांनाच खावयास नाही, तेथे पुराणिकाला कोण देणार? दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा तुटवडा नव्हे, ज्याच्या श्रमाची किंवा विद्येची किंमत बाजारातून नाहीशी होते तो भरल्या कोठारांशेजारीही उपाशी मरतो, असा सिद्धान्त अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. डोंगरे कुटुंब हे त्याचे अगदी डोळ्यांत भरणारे उदाहरण होय. अंगमेहनतीचे काम करावे तर सवय नाही, आणि कुळाचा अभिमान आड येतो. जवळ उरलेला पैसाअडका पुण्य पदरी पडून संकट टळावे या आशेने देवापुढे आणि दानधर्मात वेचला गेला. मग भांडी गेली, वस्त्रे गेली. रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली अनंतशास्त्री वारले, थोड्याच काळात आई लक्ष्मीबाई गेल्या, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास एवढे दोघेच मागे राहिले.

ही दोन भावंडे त्यानंतर हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून त्यांनी अंगावर वाळू पांघरली. देव प्रसन्न व्हावा म्हणून जी जी व्रते, जे जे उपास शास्त्रात सांगितले होते ते सर्व त्यांनी केले, आणि काहीच घडले नाही. पुढे रमाबाईंनी या काळाविषयी जे लिहिले त्यात देवावरचा राग फारसा आढळत नाही. एक हिशेब मांडला आणि तो जुळला नाही, असा काहीसा कोरडा सूर त्यात आहे. जुन्या श्रद्धेचा धागा ग्रंथ वाचून तुटण्याआधी उपासमारीने तुटला होता, हे त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनीही नीट ध्यानात घेतलेले नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि वीस वर्षांच्या या मुलीची संस्कृत विद्या पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली. पंडिता आणि सरस्वती या पदव्या त्यांना तेथेच मिळाल्या. हा भाग सर्वश्रुत आहे. १८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन मोडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथे संसार थाटला, १८८१च्या एप्रिलात मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. अवघ्या एकोणीस-वीस महिन्यांचा संसार. सिल्चरच्या त्या घरातच लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या. पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीच्या पैशावर १८८३ साली इंग्लंड गाठले. वैद्यक शिकावयाचे होते, पण कानांनी दगा दिला; ऐकू येणे कमी होत चालले होते. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या आश्रयाला असताना त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परमुलूख, हाताशी पैसा नाही, सोबतीण गेलेली, भविष्याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब उडाला. त्या गदारोळात जोतीराव फुले यांनी मात्र रमाबाईंची बाजू घेऊन लेखणी उचलली, हे येथे नमूद केले पाहिजे.

अशा मनःस्थितीतील बाईला धर्म बदलावयास लावणे सोपे होते, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. तसे असते तर पुढच्या तीन वर्षांत ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशी रमाबाई इतक्या कडाडून भांडल्या नसत्या. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचे देवत्व, बिशपांचा अधिकार, यांपैकी कोणतीही गोष्ट त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे भगिनींचे म्हणणे. रमाबाईंना तेथे संस्कृत हवे होते. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी मुलग्यांना शिकवावे की नाही, हेसुद्धा बिशप ठरवू लागले तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. ब्राह्मणांचे धर्माधिकार झुगारून आलेली ही बाई गोऱ्या धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकविण्यास तयार नव्हती. श्रद्धा त्यांची होती आणि तिच्या किल्ल्या त्यांनी कोणाच्याच हाती दिल्या नाहीत. हा स्वभावविशेष ध्यानात ठेवला म्हणजे पुढच्या घटनांचा अर्थ लागतो.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. राहिल्या मात्र तीन वर्षांच्या आसपास. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ही अट होती आणि ती रमाबाईंनी मान्य केली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

१८९३ साली हे सर्व कोसळले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन तेथे बसत. त्यांना अडवावे की अडवू नये, हा वाद होता. मला स्वतःला या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ दिसते. अजाण वयातल्या आणि सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलींसमोर चालकाचे आचरण हाच एक उपदेश होतो. तेव्हा पालकांची शंका निराधार होती असे म्हणवत नाही. उलट, आपल्याच घरात दार लावून चोरासारखी प्रार्थना करा, असे त्या बाईला सांगण्याचा अधिकार कोणाला होता? ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. पुण्याच्या सुधारक वर्तुळाशी रमाबाईंचे नाते तुटले ते कायमचे. बोस्टनच्या मंडळाने मात्र त्यांची पाठराखण केली.

याच सुमारास त्यांच्या अंतर्यामी काही घडत होते. १८९१च्या सुमारास आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना झाल्याचे त्यांनी पुढे नमूद केले आहे. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटल्यावर हे म्हणावयाचे म्हणजे स्वतःचीच तपासणी नव्याने मांडावयाची. बुद्धीने स्वीकारलेल्या मताचे रूपांतर भरवशात होण्यास इतका काळ जावा लागला. धर्मांतर ही एका दिवसाची घटना समजणाऱ्यांनी हा आठ वर्षांचा अवधी विसरू नये.

बोस्टनची हमी १८९८ साली संपणार होती. रमाबाई व्यवहारात कच्च्या नव्हत्या. पुढची तरतूद म्हणून त्यांनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत होता. हा बेत शहाणपणाचा होता. झाडे फळावर येण्याआधीच १८९६ साल उजाडले.

त्या दुष्काळाच्या वेळी सरकारजवळ दुष्काळसंहिता तयार होती. १८८०च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून ती निघाली होती, आणि ती अगदीच कुचकामी होती असे कोणी म्हणणार नाही. काम द्यावे, कामाच्या मापाने मजुरी द्यावी, अशक्तांना फुकट अन्न द्यावे, अशी तिची रचना होती. परंतु आईबाप मेलेली, दहा-बारा वर्षांची, एकटी हिंडणारी मुलगी या रचनेत कोठे बसते? मध्य प्रांतातील छावण्या आणि रस्ते पाहावयास रमाबाई स्वतः गेल्या, तेव्हा अशा मुलींच्या मागावर असलेले दलाल त्यांनी पाहिले. धान्याचा भाव शासनाला कळत होता. निराधार मुलीचा भाव त्या बाजारात काय ठरत होता, हे रमाबाईंना कळले, कारण वीस वर्षांपूर्वी त्याच अवस्थेत त्या स्वतः रस्त्यावर होत्या. फरक इतकाच की त्यांच्याबरोबर भाऊ होता.

शारदा सदनाचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळात सापडलेल्या वाटेल त्या जातीच्या मुलींवर तो खर्च करता येत नव्हता. तरीही त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातलेले. इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना केडगावच्या उघड्या रानात, तंबूंत आणि गवती छपरांखाली नेण्यात आले. या मुली म्हणजे हाडांचे सापळे. अंगावर उवा, पोटात जंत, तोंडे आलेली. चोरून अन्न लपवून ठेवण्याची सवय त्यांना लागलेली. त्यांतील कित्येक जगल्या नाहीत. प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांची कशी हेळसांड होते याविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली, तेव्हा सरकारही त्यांच्यावर नाराज झाले. सनातनी विरोधात, सुधारक दूर गेलेले, सरकार रुष्ट, बोस्टनची मुदत संपत आलेली. कोणत्याही संस्थेच्या चालकाने अशा वेळी हात आखडता घेतला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता.

१८९८ साली केडगावच्या मुक्ती सदनाचे रीतसर उद्‌घाटन झाले. पुढे अमेरिकेतून मदत येत राहिली, पण ठरावीक रकमेची हमी उरली नाही. त्यात १८९९-१९००चा दुष्काळ आला. या वेळी गुजरात आणि राजपुताना होरपळून निघाले होते. रमाबाईंनी पुन्हा माणसे पाठविली, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. महिन्याकाठी किती धान्य लागेल याचा हिशेब करता येतो. ते कोठून येईल याचा करता येत नव्हता. रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे वाचली होती. मागावयाचे ते देवाजवळ मागावे आणि काम थांबवू नये, ही त्यांची रीत रमाबाईंनी उचलली. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हे पचविणे जड जाते. आमच्या शास्त्रात अनिश्चिततेवर उपाय म्हणजे राखीव निधी, विमा किंवा कर्ज. प्रार्थनेचे कलम ताळेबंदात कोठे घालावे हे मला ठाऊक नाही. पण ताळेबंदाची दुसरी बाजू मला वाचता येते, आणि ती मोठी बोलकी आहे.

केडगावात केवळ अन्नछत्र चालले नाही. शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणकाम होते, धुलाई होती, छापखाना होता. मोठ्या मुलींच्या हाती धाकट्या मुलींचे गट सोपविलेले असत. अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आणि फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगवेगळे विभाग होते. विद्येखेरीज दुसरे काही हाताला न लागल्यामुळे आपले विद्वान कुटुंब उपाशी मेले, हा धडा रमाबाई विसरल्या नव्हत्या. आपल्या मुलींपैकी एकीवरही ती पाळी येऊ नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. देवावर भार टाकणारी ही बाई विहिरी खणताना आणि घाणा बसविताना दैवावर काहीच सोडत नव्हती.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळता येणार नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते, आणि तेथील शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. ज्याने भाकरी दिली त्याचा धर्म उपाशी मुलीने स्वीकारला तर त्या स्वीकाराला स्वेच्छा म्हणावे काय? मला वाटते, पूर्णतः नाही. उपकाराचे ओझे हाही एक दाबच असतो, आणि १९०५ साली केडगावात धार्मिक जागृतीची जी लाट उठली तीत सामुदायिक भावावेगाचा भाग मोठा होता. ही उणीव मान्य करूनही दुसरा प्रश्न उरतोच. त्या मुलींना वाचविण्यासाठी दुसरे कोण किती संख्येने रस्त्यावर उतरले होते? रमाबाईंवर टीकेचे रकाने भरणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण गेले असते.

आयुष्याची अखेरची सुमारे सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला न उमगणारी. संस्कृतात वाद घालणाऱ्या या पंडितेने मुद्दाम हिब्रू आणि ग्रीक या भाषा हस्तगत केल्या आणि संपूर्ण बायबल साध्या, बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत आणावयास घेतले. त्यांचे मराठी आज वाचताना काही ठिकाणी खडबडीत वाटते, हेही सांगितले पाहिजे. ऐकू येणे बहुतांशी बंद झालेले, प्रकृती ढासळलेली. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या आणि पाने बांधणाऱ्या होत्या मुक्तीतल्याच स्त्रिया. त्यांतल्या कित्येक दुष्काळात उचलून आणलेल्या.

आपल्यामागे हा भार मनोरमाबाईंनी घ्यावा अशी योजना होती. त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेतले होते, आईचा उजवा हात म्हणून वर्षानुवर्षे काम केले होते आणि निजामाच्या मुलखात गुलबर्ग्यास शाळा उघडली होती. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर आता मुलगीही गेली. रमाबाईंनी भाषांतर थांबविले नाही. मुद्रिते तपासण्याचे काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. छापखान्यातील बायकांनी उरलेली पाने छापली, आणि त्यांच्या पश्चात तो संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.